आठव्या पायरीखालचं पाणी

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. विसरलो होतो म्हणून नव्हे. कुणी विचारलं नाही, वेळ बरी नव्हती, आता सांगून काय उपयोग, असं मी स्वतःला समजावत राहिलो, आणि समजावता समजावता म्हातारा झालो. गुडघे गेले, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, आणि ज्यांना ही गोष्ट सांगायची होती ते तुळशीराम गुरुजीही गेले. मी उदगीरला मुलाकडे होतो. सकाळचा चहा पुढ्यात होता तेव्हा गुरुजींच्या मुलीचा, सुमनचा, फोन आला. "काका, अण्णा गेले. पहाटं, झोपंतच..." मी नुसतं "बरं" म्हणालो. चहावर साय धरली तरी मी तसाच बसून होतो. सुनेनं विचारलं, "बाबा, कोण गेलं?" मी म्हणालो, "माझे गणिताचे मास्तर." तिला वाटलं असेल, या वयात माणसाचा कुठला मास्तर हयात असतो!

बीदरला गुरुजींच्या पुण्यानुमोदनाच्या, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला गेलो. त्रिशरण झालं, माणसं बोलायला उठली. एक तरुण वकील फार चांगलं बोलला. त्यानं सांगितलं की गुरुजी नवीन नोकरीत असताना कमलनगरकडच्या एका गावात गावबारवेत एक मूल बुडत होतं. आपल्याला त्या बारवेची पायरी चढायची-उतरायची मनाई आहे, याची पर्वा न करता गुरुजी धावत खाली गेले, मुलाला वर काढलं, आणि त्याची शिक्षा म्हणून त्यांची बदली झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. ते मूल मीच. आणि गुरुजी बारवेत उतरले नव्हते. उतरले असं मी सांगितलं होतं.

आता हे नीट, पहिल्यापासून सांगायला हवं.

आमचा भाग मैसूर राज्यात गेला त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. कचेरीतले कागद कानडीत यायला लागले होते, मोठी माणसं अजून निजामाच्या काळातली उर्दू घोळवत होती, आणि शाळा आमची मराठीच होती. मी सातवीत होतो. तुळशीराम गुरुजी जनवाड्याचे. वय असेल चोवीस-पंचवीस. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, आणि बोलताना मान एका बाजूला कलती. त्यांच्या घरच्यांनी धम्म स्वीकारला होता, हे ते गावात येण्याआधीच गावाला कळलं होतं. शाळेतल्या माठाला ते हात लावत नसत. शिपाई मदारसाब त्यांच्या तांब्यात वरून पाणी ओतायचा. एकदा ओतताना तो म्हणाला, "मास्तरजी, रोज ऐसाच वतून वतून मेरा हात दुखतंय, तुमीच घ्या ना." गुरुजी हसले आणि म्हणाले, "घेईन की मदारसाब. तुमची पेन्शन झाल्यावर घेईन." आम्ही पोरंही हसलो. त्यात हसण्यासारखं काय होतं, हे आता आठवत नाही.

त्या वर्षी पूर्णांकांचा भागाकार आला. धन संख्या, ऋण संख्या. पुस्तकात नियम होता: चिन्हं सारखी तर उत्तर अधिक, चिन्हं वेगळी तर उत्तर उणे. वर्गानं तो पाढ्यासारखा घोकला. मला मात्र तो घशाखाली उतरेना. मी हुशार गणला जात होतो आणि न कळणं मला अपमानासारखं वाटायचं. मी उभा राहून विचारलं, "गुरुजी, उण्याला उण्यानं भागलं की अधिक कामून व्हतंय?" आधीच्या मास्तरांनी एक ठेवून दिली असती. गुरुजींनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "खरं सांगू का श्रीपती, मलाबी कुणी सांगितलं न्हाई. पाठ कर म्हनले, केलो. उद्या बघू." मास्तराला एखादी गोष्ट येत नाही आणि तो तसं वर्गात सांगतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सगळ्या वर्गाला गावबारवेवर नेलं. उन्हाळा तोंडावर आला होता, पाणी बरंच खाली गेलं होतं. आमची बारव लाल दगडाची, एका बाजूनं सरळ पायऱ्या. मधे एक रुंद पायरी आणि तिच्या शेजारी भिंतीत कोनाडा. कोनाड्यात शेंदूर लावलेली देवी. तिच्या वर्षाच्या पूजेचा मान आमच्या घराकडे होता. गुरुजी काठावर चिंचेच्या सावलीत थांबले. आम्ही पोरं पायऱ्यांवर पांगलो. ते वर आणि आम्ही खाली, यात आम्हाला काही वेगळं वाटलं नाही. त्यांना सगळं वरून ओरडूनच सांगावं लागणार होतं.

"गुरुजी, शून्य कुठं धरायचं?" गुंडूनं खालून विचारलं. गुंडू म्हणजे गुंडाप्पा, माझ्या बाकावरचा. अभ्यासात मागं, अंगानं दांडगा.

"कोनाड्याच्या पायरीवर. देवीला बसू द्या शून्यावर, ती रागवायची न्हाई. तिथून वर अधिक, खाली उणे."

वरच्या काठापर्यंत आठ पायऱ्या होत्या आणि खाली पाण्यापर्यंतही आठ. हे त्यांनी कधी मोजून ठेवलं होतं कोण जाणे. काठावरून वाकून मोजलं असणार. पहिल्यांदा गुंडूला शून्यावर उभं केलं. "गुंड्या, उणे आठवर जा. चार उड्यांत, सगळ्या सारख्या. सांग, एक उडी केवढी?" गुंडू धपाधप गेला आणि म्हणाला, "दोन पायऱ्याची." "वर का खाली?" "खालीच की गुरुजी! वर उडी मारून खाली जायला म्या काय येडा हाव का?" सगळे हसले. "मग उणे दोन म्हण. उणे आठ भागिले चार, उत्तर उणे दोन."

मग माझी पाळी. मला त्यांनी अगदी वर, स्वतःच्या पायाशी उभं केलं. "आता उडी ठरलेली. दोन पायऱ्या, आणि खालीच. उडी म्हणजे उणे दोन. चल शून्यावर." मी चार उड्यांत देवीपाशी आलो. "थांब. आता शून्यावर हाईस. खालीच यायलास. मग अधिक आठवर तू कवा होतास?" मी म्हणालो, "चार उड्यांच्या आधी." "आधी म्हंजे? पुढं चार का मागं चार?" ... आणि माझ्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं: मारून झालेल्या उड्या उणे. मी ओरडलो, "उणे चार, गुरुजी! अधिक आठ भागिले उणे दोन, उणे चार!" बारवेत माझाच आवाज घुमून परत आला. गुरुजींचा चेहरा मला अजून दिसतो. ते टाळी वाजवायला विसरून नुसते उभे होते. "आता पुढं," ते म्हणाले. "त्याच उडीनं उणे आठवर जायला अजून किती उड्या?" मी सुटलो. एक, दोन, तीन, चार. "चार! अधिक चार!" पुढे जाणाऱ्या उड्या होत्या त्या, मागच्या नव्हेत. उण्याला उण्यानं भागून अधिक कसं येतं, हे मला पायांनी कळलं. "झाला भागाकार!" गुरुजी वरून म्हणाले. "थांब श्रीपती, थांब तिथंच!"

मी थांबलो नाही. कळल्याचा आनंद इतका होता की पाचवी उडीही मारली. दहाव्या पायरीवर पाणी होतं आणि पाण्याखाली शेवाळ. पाय सटकला आणि मी आत गेलो. मला पोहता येत नव्हतं. एकदा डोकं वर आलं तेव्हा वर आकाशाचा चौकोन दिसला आणि काठावर गुरुजी. ते धावत पहिल्या पायरीपर्यंत आले होते. त्यांचा उजवा पाय पायरीच्या वर उचललेला होता. तो पाय खाली टेकला नाही. "गुंड्या, धर त्याला! हात धर!" एवढं ऐकू आलं. गुंडूनं एका हातानं पायरीची कड धरली आणि दुसऱ्यानं माझी कॉलर. त्यानंच मला वर ओढलं. पाणी ढवळून गढूळ झालं होतं. गुरुजी काठावर बसून होते. मी वर आल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावरून स्वतःचा रुमाल फिरवला.

संध्याकाळी पाण्याला गेलेल्या बायकांनी गढूळ पाण्याची ओरड केली. मी घरी ओल्या कपड्यांत सापडलोच होतो. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, ओसरीत उभे होते. हातात शेवग्याची फोक. देवीच्या पाण्यात पाय घालायचा नाही, बारवेत खेळायचं नाही, हे आमच्या घरात लहानपणापासून बजावलेलं. "पाण्यात पडलास?" "व्हय." "वर कुणी काढलं?" मी फोकेकडे बघितलं. अप्पा जवळ आले. "मास्तर उतरला व्हता का खाली?"

त्या प्रश्नात मला वाट दिसली. मास्तर उतरला असेल तर अपराध मास्तरचा, मग माझा कुणी विचार करणार नाही. बारा वर्षांच्या पोरालाही एवढं कळतं. त्याला भागाकार कळायला उशीर लागतो, हे कळायला लागत नाही. मी मान हलवली. अप्पांनी फोक खाली ठेवली आणि पागोटं घालून चावडीवर गेले. त्या दिवशी मला मार बसला नाही. मायनं गरम भात वाढला आणि तो मी सगळा खाल्ला.

चावडीवर काय झालं ते गुंडूकडून कळलं. गुरुजींना बोलावलं होतं. ते म्हणाले, "मी उतरलो न्हाई." त्यावर कुणीतरी म्हणालं, "मग पोरगं खोटं बोलायलंय का? पूजेच्या घरचं पोरगं?" गुंडू त्या माणसांत घुसून म्हणाला, "म्या वढलो त्याला वर, मास्तर काठावरच व्हते." त्याच्या बापानं त्याला तिथंच मुस्काटात मारली. त्यानंतर गुरुजी काही बोलले नाहीत म्हणे. हे सगळं सांगून गुंडू मला म्हणाला, "शिरप्या, तुला वढलो तेच चुकलं बघ माझं." पुढं वर्ष संपेपर्यंत तो दुसऱ्या बाकावर बसला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो तेव्हा वाटलं होतं, आज गुरुजी सगळ्यांसमोर विचारतील. त्यांनी हजेरी घेतली. फळ्यावर एक ओळ लिहिली आणि म्हणाले, "श्रीपती, उणे आठ भागिले उणे दोन?" मी उभा राहिलो. "अधिक चार." "कामून?" मी सांगितलं, बारव, पायऱ्या, पुढं जाणाऱ्या उड्या, सगळं. सांगताना माझी नजर फळ्याखालच्या खडूच्या भुकटीवर होती. "बरोबर. बस." एवढंच. मला वाटतं, त्यांनी मला तिथं एक संधी दिली होती. किंवा तसं काही नसेलही. त्यांना फक्त भागाकार नीट कळला का, हे बघायचं असेल.

नंतर गावानं बारव उपसली. शुद्ध करायची म्हणून. मोटा लावल्या, बैल फिरत राहिले, आणि ज्या पाण्याला गुरुजींचं बोटही लागलं नव्हतं ते सगळं पाणी ओढ्याला सोडून दिलं. उन्हाळ्याच्या तोंडावर. त्या पाण्यात खरा बुडालो होतो तो मी, आणि मी काठावर उभा राहून बघत होतो. तक्रार अर्जात पायरीचं नाव कुणी काढलं नाही. तसं लिहिणं कायद्यात बसत नव्हतं आणि हे लोकांना ठाऊक होतं. मास्तर मुलांना शाळा सोडून पाण्याजवळ नेतात, जिवाला धोका झाला, असं लिहिलं. शब्द अन् शब्द खरा. परीक्षेच्या आतच बदली झाली, गुलबर्गा जिल्ह्यात, चिंचोळीकडच्या कानडी शाळेत. ज्याला कानडी धड वाचता येत नव्हतं त्या माणसाला तिथं पहिलीच्या पोरांबरोबर मुळाक्षरं गिरवावी लागली. इथं असताना ते दर शनिवारी जनवाड्याला आईकडे जात. तिला डोळ्यांनी दिसत नसे. तिकडून ते जमेना. ती गेली तेव्हा त्यांना माती द्यायला पोचता आलं नाही... हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

मी पुढे मास्तरच झालो. भालकीच्या शाळेत गणित शिकवलं. पूर्णांकांचा भागाकार आला की मी फळ्यावर बारव काढायचो. शून्यावर कोनाडा, वर आठ पायऱ्या, खाली आठ. पोरांना लगेच समजायचं. दुसऱ्या शाळांतले मास्तर येऊन बघून जायचे, "काय युक्ती काढलीत श्रीपतराव," म्हणायचे. माझ्या गुरुजींची आहे, असं मी सांगत असे. तेवढं मी सांगत आलो. पण खाली पाणी कधी काढलं नाही. आठव्या पायरीवर माझी आकृती संपायची. एकदा एका मुलीनं विचारलंच, "सर, अजून एक उडी मारली तर?" मी म्हणालो, "भागाकार झाल्यावर उडी मारायची नसते." आणि घंटा व्हायच्या आधीच वर्ग सोडला.

गुरुजी रिटायर होऊन बीदरला राहायला आले ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. पत्ता शोधत गेलो. बसमध्ये सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यांचं घर माडीवर होतं, बाहेरून दगडी जिना. मी खालून हाक मारली तर वरून आवाज आला, "थांबा, आलो." आणि ते कठड्याला धरून एक एक पायरी उतरत खाली आले. केस पांढरे झाले होते, मान तशीच कलती. मला ओळखायला त्यांना एक क्षण लागला. "श्रीपती!" मी म्हणालो, "गुरुजी, तुम्ही कामून उतरलात, मी आलो असतो की वर." त्यांच्या पत्नी वरून म्हणाल्या, "त्यांचं असंच हाय भाऊ. टपालवाला आला तरी खाली जात्यात. गुडघे दुखत्यात म्हणून रातभर कण्हायचं आणि दिवसा हे."

वर चहा झाला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, कपाटात कानडी आणि मराठी गणिताची पुस्तकं शेजारी शेजारी. मी शब्द गोळा करत होतो, तेवढ्यात तेच बोलले. "श्रीपती, एक गोष्ट तुला इचारायची राहिली बघ. तू पाण्यात पडलास तवा मी पाय उचललो होतो. दिसला का तुला?" मी म्हणालो, "दिसला." ते म्हणाले, "टेकवलो न्हाई मी. गाव काय म्हणंल, नोकरी जाईल, असं आलं मनात. तेवढ्या वेळात तू मेला असतास. नोकरीचं व्हायचं ते झालंच, पण पोरगं पाण्यात असताना मी वर उभा होतो... लोक म्हणत्यात तुम्ही उतरलात म्हणून काढलं तुम्हाला. मी सांगतो, न्हाई उतरलो. तवाबी कुणी ऐकलं न्हाई, आताबी ऐकत न्हाईत. तवा शिव्या देत होते, आता शाबासकी देत्यात, एवढाच फरक." मग ते म्हणाले, "मला माफ कर बाबा."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "असू द्या गुरुजी, जुनी गोष्ट हाय." माफी मागायला गेलेल्या माणसानं माफी देऊन टाकली आणि बशीतला चहा संपवला. त्यांच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवला नाही, कारण माझ्या मानेवर सगळ्यांनी विश्वास ठेवला होता. हे त्यांना माहीत होतं. चावडीवर त्यांच्या तोंडावरच सांगितलं होतं की पूजेच्या घरचं पोरगं साक्षीला आहे. त्यांनी तो विषय काढला नाही आणि मलाही काढावा लागला नाही.

नंतर मी पुष्कळदा गेलो. दर खेपेला ते खाली आले. पुढं पुढं सुमन त्यांना धरून आणायची. मला कळत होतं की ते का उतरतात, आणि मी हाक मारायचं बंद करून गुपचूप वर जायला हवं होतं. पण त्यांना पायरीवरच्या माझ्या पावलांचा आवाज ओळखू यायचा. मी वर चढायला लागलो की ते खाली यायला लागायचे आणि जिन्याच्या मधल्या रुंद पायरीवर आमची गाठ पडायची. दर खेपेला मी ठरवायचो, इथंच बोलावं. ते म्हणायचे, "ये. नातवंडं बरी हाईत न्हवं?" आणि आम्ही वर जायचो.

कधी कधी वाटायचं, आता सांगायचं तरी काय? ते उतरले नव्हते असं गावाला ओरडून सांगावं, तर उतरणं हा गुन्हा होता असं मीच कबूल केल्यासारखं होतं. ते उतरले असते तर त्यात वाईट काय होतं? आता वकिलाच्या भाषणानंतर सांगावं, तर त्यांच्या पदरातली शाबासकी काढून घेतल्यासारखं. या कारणांत मी फार दिवस लपून बसलो. पण त्या तरुण वकिलाला आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना एवढं कळायला हवं, की गुरुजी खरं बोलत होते. त्यांच्या शब्दावर अविश्वास आणला तो मी. मला वर काढलं ते गुंडाप्पानं. तोही आता नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांच्या घराकडे गेलो. जिन्याखाली उभा राहिलो आणि सवयीनं हाक मारली, "गुरुजी..." मग लक्षात आलं. वरून सुमननं डोकावून पाहिलं. "काका, वर या की, खाली कामून थांबलाव?" मी हळूहळू चढलो. मधल्या रुंद पायरीवर आलो आणि थांबलो. वरून कुणी उतरत नव्हतं. कठड्याचा रंग त्यांच्या हातानं एका जागी पार गेलेला होता, तिथं मी हात ठेवला. बसमध्ये जुळवलेली वाक्यं इतक्या वर्षांनीही जशीच्या तशी होती. गुरुजी, तुम्ही उतरला नव्हता. अप्पांनी विचारलं तेव्हा मी मान हलवली. मला...

"काका, दम लागला का?" सुमननं वरून विचारलं.

मी म्हणालो, "व्हय."